चामखीळ गेली, श्रेय कोणाला?

(1980 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी दुपारी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मसालेभात आणि जिलेबीनंतरची वेळ मला दिली आहे, म्हणजे संयोजकांचा माझ्यावर विश्वास तरी आहे किंवा जुना राग तरी आहे. हृदय सकाळीच होऊन गेलं, गुडघे काल झाले, साखर आणि रक्तदाब संध्याकाळी आहेत. चर्मरोगाच्या डॉक्टरला उरलं काय? मी म्हटलं, मी चामखिळीवर बोलतो. फोनवर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग विचारलं, "एवढ्यासाठी पाऊण तास?"

तर एवढ्यासाठी कशाला, ते सांगतो. मागच्या दिवाळीनंतर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्राने नातवाच्या बोटाचा फोटो टाकला. तर्जनीवर नखाच्या कडेला खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी चामखीळ. "काय करावं?" एवढाच प्रश्न. रात्री जेवून मी फोन बघितला तर तेवीस उपाय येऊन पडले होते. मी ते वहीत उतरवून ठेवलेत. घोड्याच्या शेपटीचा केस बांधा. चुना आणि सोडा लावा. लसूण ठेचून बांधा. पपईचा चीक. केळ्याच्या सालीची आतली बाजू. अगरबत्तीचा चटका. थुजाच्या गोळ्या. नेलपॉलिश. बटाट्याची फोड चोळून ती फोड परसात पुरायची. मूठभर मीठ विहिरीत टाकायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. हा सातवा उपाय, आणि विहीर नसेल तर बोअरवेल चालेल का, अशी त्याखाली शंका.

हसू नका. यातला कोणीही खोटं बोलत नव्हता. प्रत्येक उपायाला साक्षीदार होता: माझ्या मेव्हण्याची गेली, माझ्या मुलीची गेली, माझी स्वतःची गेली. तेवीस उपाय, तेवीस साक्षीदार, आणि खरोखरच तेवीस चामखिळी गेलेल्या. मग डॉक्टरचं काम काय? आज मी एवढंच बोलणार आहे की या गर्दीत कोणता उपाय खरा, हे ठरवायचं कसं, आणि ते ठरवताना माझ्यासारख्यांच्या हातूनही काय काय झालं.

त्याआधी एक आठवण. ज्या मैत्रिणीची आहे तिची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही, ती इथेच बसली आहे. सहावी-सातवीत तिच्या दोन्ही हातांवर चामखिळी होत्या, मोजून चौदा. फुगडीला तिचा हात कोणी धरत नसे. प्रार्थनेच्या रांगेत तिच्या मागे-पुढे हातभर जागा सुटायची. पुढे तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं, "बाकीच्यांना होईल" म्हणून. वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी ती मुलगी हळूहळू हात वर करेनाशी झाली. उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. हात वर केला की तो सगळ्यांना दिसायचा. मी तिच्या पुढच्याच बाकावर होतो, आणि मीही माझं दप्तर पुढे ओढून घेत असे. हे मी पन्नास वर्षांनी कबूल करतोय.

सुट्टीत कोणीतरी तिच्या आईला बिब्बा सांगितला. बिब्बा लावला, बिब्बा उतला. चामखिळींसकट भोवतालची कातडी फोड येऊन सोलून निघाली. आठ दिवस आईने तिला भरवलं. महिन्याभरात चामखिळी परत आल्या, फोडांच्या कडेने आणखी चार जास्त.

आता चामखीळ म्हणजे काय, थोडक्यात. तो विषाणूचा आजार आहे. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस नावाच्या विषाणूंचं खूप मोठं कुटुंब आहे, त्यातले काही प्रकार हातापायांवर चामखीळ करतात. 1907 साली चुफो नावाच्या इटालियन डॉक्टरने चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात जिवाणू राहणं शक्य नव्हतं. तो अर्क टोचला आणि काही महिन्यांनी तिथे चामखीळ आली. म्हणजे बेडकाला हात लावल्याने किंवा कोणाच्या शापाने नव्हे. संसर्ग होतो, हे खरं. पण तो होतो ओरखडलेल्या, भिजून मऊ झालेल्या कातडीतून, नखं कुरतडण्यातून, एकाच टॉवेलने, ओल्या फरशीवर अनवाणी चालण्यातून. शेवटच्या बाकावर बसवून तो थांबत नाही.

हा विषाणू कातडीच्या अगदी वरच्या थरात राहतो. तिथे रक्तवाहिन्या नाहीत. शरीराचे पहारेकरी रक्तातून फिरतात, त्यांना या चोराचा पत्ताच लागत नाही. ज्या दिवशी लागतो, त्या दिवसापासून चामखीळ जायला लागते; कधी कधी एका आठवड्यात सगळ्या जातात. तो दिवस कधी येईल, सांगता येत नाही. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत संस्थेत राहणाऱ्या मुलांच्या चामखिळी दोन वर्षं नुसत्या बघत राहिले. दोन वर्षांत साधारण दोन तृतीयांश चामखिळी आपोआप गेल्या. मोठ्या माणसांत हा वेग कमी असतो.

आणि हो, चामखिळीला मूळ नसतं. "डॉक्टर, मुळापासून काढा" हे मी रोज ऐकतो. वरचा थर खरवडला की जे काळे ठिपके दिसतात, त्यांना लोक मुळं समजतात. चामखीळ वाढताना खालच्या केशवाहिन्या तिच्याबरोबर वर ओढल्या जातात आणि त्यांतलं रक्त गोठतं, तेच ते ठिपके. पायाच्या बाबतीत मात्र हे ठिपके उपयोगी पडतात. तळपायावर चामखीळ आहे की कुरूप, यात निम्मे लोक चुकतात. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त कळवळायला होतं. कुरूपावर कातडीच्या रेषा तशाच पुढे जातात, चामखिळीवर त्या तुटतात. वर्षानुवर्षं कुरूप म्हणून ब्लेडने तासत बसलेले आणि त्याच ब्लेडने दुसरीकडे चामखिळी पेरलेले लोक मी पाहिलेत. आपल्यातलेही दोन.

आता मुद्द्यावर येतो. दर तीनांतल्या दोन जर दोन वर्षांत आपोआप जाणार असतील, तर त्या दोन वर्षांत तुम्ही जे काही कराल त्याला गुण येणारच. घोड्याचा केस बांधा, मीठ टाका, माझ्याकडे येऊन तीनदा फी द्या. त्यातून माणूस पहिला उपाय सोडून दुसरा, दुसरा सोडून तिसरा धरतो, आणि ज्याच्या पाळीत चामखीळ जाते, त्याच्या गळ्यात हार पडतो.

यातून वाट एकच. पुष्कळ माणसं घ्यायची, चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, आणि एका गटाला काहीही द्यायचं नाही. हा तिसरा, काही न करणारा गट सगळ्यात महत्त्वाचा, आणि डॉक्टरांना सगळ्यात जड जाणारा.

नेदरलँड्समध्ये हे नीट केलं गेलं, 2010 साली ते प्रसिद्ध झालं. तीस दवाखाने, 250 माणसं, चार वर्षांच्या मुलापासून म्हाताऱ्यांपर्यंत. एका गटाच्या चामखिळी दर पंधरा दिवसांनी द्रवरूप नायट्रोजनने गोठवल्या. ते उणे 196 अंशांचं असतं. कापसाच्या बोळ्याने किंवा फवाऱ्याने लावतात. दुसऱ्या गटाने घरी रोज सॅलिसिलिक ॲसिडचं मलम लावलं. तिसऱ्याने वाट पाहिली. तेरा आठवड्यांनी मोजलं. सगळ्या चामखिळी गेलेले लोक: गोठवलेल्यांत 39 टक्के, मलमवाल्यांत 24, वाट पाहणाऱ्यांत 16.

इथे थांबलो असतो तर मी म्हटलं असतं, गोठवा आणि मोकळे व्हा. पण त्यांनी हात आणि पाय वेगळे काढले, आणि तिथे खरी गंमत आहे. हातांवरच्या नेहमीच्या चामखिळींत गोठवल्यावर 49 टक्के, मलमाने 15, काहीच न करता 8. म्हणजे गोठवण्याचा चांगला फायदा. तळपायांवर मात्र 30, 33 आणि 23. एवढ्याशा फरकावरून यातला कोणताच उपाय दुसऱ्यापेक्षा सरस म्हणता येत नाही. जवळजवळ एक चतुर्थांश लोकांच्या तीन महिन्यांत नुसत्या बसून गेल्या, आणि बाकीच्यांनी कळा सोसूनही फार पुढची मजल मारली नाही.

पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये फक्त तळपायांवर आणखी एक तुलना झाली. 240 माणसं. एका गटाला दवाखान्यात जास्तीत जास्त चार वेळा गोठवणं, दुसऱ्याला घरी रोज 50 टक्के सॅलिसिलिक ॲसिड, आठ आठवड्यांपर्यंत. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे निकाल 14 टक्के. अगदी बरोबरी. तळपायाच्या चामखिळी अशा हट्टी असतात. कातडी जाड, वरून आपलं वजन, औषध किंवा थंडी खाली पोचतच नाही.

2012 साली अशा 85 तुलनांचा एकत्र आढावा कॉक्रेन नावाच्या संस्थेने घेतला. नुसत्या बिनऔषधी मलमापेक्षा सातत्याने सरस ठरलेला उपाय म्हणजे हेच जुनंपुराणं सॅलिसिलिक ॲसिड. गोठवण्याबद्दलचे पुरावे एकमेकांशी भांडत होते. जास्त वेळ, जोरात गोठवलं तर गुण जास्त, पण फोड आणि दुखणंही जास्त. आमच्या व्यवसायात या निकालाने फारसा आनंद झाला नाही, कारण सॅलिसिलिकची बाटली कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते.

आता त्या बाटलीबद्दल मी जरा रेंगाळणार आहे, कारण दहांतले आठ जण ती चुकीची वापरतात आणि पंधरा दिवसांत "गुण नाही" म्हणून फेकून देतात. आपल्याकडे सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड एकत्र, प्रत्येकी सतरा टक्क्यांच्या आसपास, कलोडियनमध्ये मिळतं. लावलं की नेलपॉलिशसारखं वाळतं. तळपायासाठी चाळीस टक्क्यांची चिकटपट्टीही मिळते, कुरुपासाठी म्हणून विकतात. रात्री झोपताना पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात हात किंवा पाय बुडवायचा. मऊ झालेला पांढरा थर नखं घासायच्या कानशीने हलकेच घासायचा. ती कानशी त्या चामखिळीसाठीच ठेवायची, सुनेच्या ड्रेसिंग टेबलवर परत ठेवायची नाही. रक्त येईपर्यंत घासायचं नाही. भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावायचं, आणि मग औषधाचा थेंब बरोबर चामखिळीवर. हे रोज, बारा आठवडे. आग झाली तर दोन दिवस थांबून पुन्हा सुरू. बारा आठवडे कोणाला जमतात? आपल्या वर्गात रोज शुद्धलेखन लिहिणारे होते त्यांना जमतील.

आता तुमच्या यादीतल्या दोन उपायांना न्याय देतो. चिकटपट्टीचा उपाय तुमच्यातल्या अमेरिकेतल्या मैत्रिणीने लिहिला होता. तिथली रुपेरी, जाड डक्ट टेप. 2002 साली 51 मुलांवर आणि तरुणांवर तुलना झाली: टेपने 85 टक्के, गोठवण्याने 60. जगभर बातम्या झाल्या, लोकांनी टेपची रिळं घेतली. मग डच शाळेतल्या 103 मुलांवर तपासलं: टेप 16 टक्के, नुसती गोल पट्टी 6, फरक योगायोगाचाही असू शकेल इतकाच. मग नव्वद प्रौढांवर: टेप 21, साधी पट्टी 22. इतकं. टेप लावून कोणाचं वाईट होत नाही, पण पहिल्या बातमीवर विश्वास ठेवून रीळ घेऊ नये.

थुजाबद्दल बोललो की अर्धं सभागृह रागावेल, तरी सांगतो. कॅनडात 1992 साली 174 जणांच्या तळपायांवर थुजासकट तीन होमिओपॅथिक औषधं एकीकडे आणि तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या दुसरीकडे अशी तुलना प्रसिद्ध झाली. कोणाला काय मिळतंय, हे डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. अठरा आठवड्यांनी औषधाने 20 टक्के, बिनऔषधी गोळ्यांनी 24.4. ज्यांची थुजाने गेली, त्यांची गेली. मी ती परत आणून देणार नाही.

बिब्बा, चुना, अगरबत्ती, काजूच्या टरफलाचं तेल हे सगळे एकाच घराण्यातले. कातडी जाळतात, सॅलिसिलिकही तेच करतं, फरक मापाचा. माप नसलेलं जाळणं काय करतं, ते आपण सहावीत बघितलं.

पण मापातलं जाळणंही चुकतं, आणि ही गोष्ट माझी आहे. 1992 साली मी दवाखान्यासाठी विजेवर चामखीळ जाळायचं नवं यंत्र घेतलं. बँकेचा हप्ता सुरू होता. एक पोस्टमन आले, टाचेच्या पुढे तळपायावर एकच चामखीळ, चालताना टोचणारी. मी भूल देऊन ती जाळून, खरवडून काढली. वीस मिनिटांत काम झालं, ते खूश, मी खूश. सहा महिन्यांनी परत आले. चामखीळ एका कडेने परत आली होती, आणि मधोमध व्रण बनला होता, वाटाण्याएवढा, दगडासारखा. रोज बारा-चौदा किलोमीटर सायकल आणि पायपीट करणारा माणूस. ते चिडले नाहीत. "आधी चामखिळीवर चालत होतो डॉक्टर, आता तुमच्या टाक्यावर चालतो," एवढंच म्हणाले. चामखीळ कधीतरी गेली असती. व्रण जात नाही. निवृत्तीपर्यंत त्यांनी चपलेत मध्ये भोक पाडलेली गादी घातली. त्यानंतर तळपायावर मी यंत्र चालवलं नाही, म्हणजे अगदीच नाइलाज असल्याशिवाय. हातावर, एखाद-दुसरी असेल तर, अजून वापरतो. तिथेही चामखीळ परत येऊ शकते, हे आधी सांगून.

ज्यांना पुष्कळ आहेत, हट्टी आहेत, त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत आपल्याकडे दुसरी तऱ्हा रुळली आहे: चोर दाखवून देण्याची. मुलांना देतात ती गोवर-गालगुंड-रुबेलाची लस थोडीशी एकाच चामखिळीत टोचायची. पहारेकरी लस बघून धावत येतात आणि आल्यासरशी विषाणूही ओळखतात. कधी कधी हातातल्या एका चामखिळीत टोचलं की पायावरच्याही जातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाच खरं वाटेना. टोचताना दुखतं, एखादा दिवस कणकण येते. याच्या तुलना झाल्या आहेत, बऱ्याच अनुकूल आहेत, पण लहान आहेत. टेपची गोष्ट आठवून मी जपून बोलतो.

आता आपल्या वयाविषयी, आणि इथे जरा लक्ष द्या. ज्यांना मधुमेह आहे, पायाला मुंग्या येतात, बधिरपणा आहे, त्यांनी सॅलिसिलिक, पट्टी, ब्लेड यातलं काहीही आपल्या मनाने पायाला लावू नये. जखम झालेली कळणार नाही आणि भरणार नाही. चेहऱ्यावर आणि जननेंद्रियांवर हे औषध लावायचं नाही. आणि साठीनंतर पहिल्यांदाच "चामखीळ" आली, भराभर वाढते आहे, रक्त येतंय, तळपायावर किंवा नखाखाली काळा डाग पसरतोय, तर ती चामखीळ धरून चालू नका. तुकडा काढून तपासावा लागतो. कर्करोगही असा साध्या वेषात येतो. यात मात्र वाट बघायची नाही.

काल रात्री चांदण्यात गप्पा मारताना आपल्या त्या मैत्रिणीने मला विचारलं, "खरं सांग, काहीच केलं नसतं तर गेल्या असत्या का रे?" नववीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली तेव्हा तिचे हात स्वच्छ होते, हे तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. तिच्या आईने त्या सुट्टीत देवीला पायी जायचा नवस फेडला होता, अनवाणी, आणि आई मरेपर्यंत ते श्रेय देवीचंच होतं. मी तिला म्हटलं, बहुतेक गेल्या असत्या. तिने हात दिव्याखाली धरून दाखवला. चामखिळीची खूण कुठेही नाही. बिब्ब्याची आहे, अंगठ्याच्या बुडाशी, चिंचोक्याएवढी, अजून चकाकते. "आणि शेवटचा बाक?" तिने विचारलं. त्याला माझ्याकडे टक्केवारी नव्हती.

आता नातवाचं बोट. त्याला पोहण्याच्या तलावावरून परत पाठवलं होतं, म्हणून घरात एवढी धावपळ. मी आजोबांना सांगितलं: मुलगा आठ वर्षांचा, चामखीळ एक, दुखत नाही. पट्टी लावून पोहायला पाठवा, टॉवेल वेगळा द्या, आणि बारा आठवडे बाटली. गोठवायचं असेल तर हाताला गुण येतो, पण मुलाला दुखेल; त्यालाच विचारा. नातवाने बाटली निवडली. मागच्या आठवड्यात ग्रुपवर फोटो आला, बोट साफ. मी मनातल्या मनात हार घालून घेतला. खाली आजोबांनी लिहिलं होतं, डॉक्टरांच्या औषधाने गेली. त्याखाली आजींनी, म्हणजे वहिनींनी लिहिलं, "दुपारी तो शाळेतून आला की मी रोज पपईचा चीक लावत होते, ते कोणी लिहीत नाही." आणि त्याखाली अमेरिकेतून: "मी सांगितलेलं मीठ टाकलं होतं ना?"

टाकलं होतं म्हणे. बोअरवेलमध्ये.

चहा आला आहे. ज्यांना आपापल्या दाखवायच्या आहेत त्यांनी खिडकीजवळ उजेडात या. बूट-मोजे मात्र बाहेर काढा, जिलेबी अजून शिल्लक आहे.